विश्लेषण : जुना वॉकीटॉकी स्वस्तात मिळाला, पण तो वापरता येईल का?

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघाले, की घाट लागताच मोबाइलची रेंज जाऊ-येऊ लागते. सेमाडोहकडच्या जंगल रस्त्यावर तर बराच वेळ फोन खिशात असून नसल्यासारखाच. पावसाळ्यातली शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी, २० डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक चालणारी बहिरमची यात्रा, सापन आणि बिच्छन नद्यांचे पूर, अशा वेळी बंदोबस्ताला किंवा मदतीला उभ्या राहणाऱ्या पथकांना वायरलेसची आठवण होते. नवे व्यावसायिक संच परवडत नाहीत म्हणून नजर वापरलेल्या संचांकडे वळते. मात्र हा व्यवहार जुनी मोटारसायकल घेण्यासारखा नाही. मोटारसायकलीसोबत रस्ता वापरण्याचा हक्क मिळतो. वॉकीटॉकीसोबत हवेतली वाट मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते.

मोबाइल असताना वायरलेस कशासाठी?

मोबाइलला टॉवर लागतो आणि एका वेळी एकाशीच बोलता येते. दहा जणांना एकच निरोप द्यायचा तर दहा फोन. वायरलेसवर बटण दाबले, बोलले, की त्या चॅनेलवरच्या सगळ्यांनी ते त्याच क्षणी ऐकलेले असते. ‘पाणी पुलावर आले, गाड्या सोडू नका’ हे वाक्य घाटाच्या दोन्ही टोकांना एकदम पोहोचणे, हाच या यंत्राचा सगळा अर्थ.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली. अशा ठिकाणी पहिल्या तासात प्रश्न डॉक्टरांचा असतो तितकाच निरोपाचा असतो : किती जखमी, किती रुग्णवाहिका लागतील, कुठल्या बाजूने याव्यात. मेळघाटातल्या नेटवर्क नसलेल्या मतदान केंद्रांसाठी निवडणूक यंत्रणाही पोलीस आणि वन विभागाच्या वायरलेसवर विसंबते, ते याच कारणाने.

सपाट मुलखातही मोबाइल दगा देतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात फोन लागेनासे झाले होते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर दूरध्वनी कोलमडले आणि हौशी रेडिओ चालकांनी निरोप पोहोचवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात हिंसाचारानंतर इंटरनेट बंद ठेवण्यात आले. फोनवरचे बोलणे अशा वेळी चालू राहते, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर उभा केलेला समन्वय एका आदेशासरशी थांबतो. आज बहुतेक पथकांचा समन्वय नेमका तिथेच उभा आहे.

अचलपुरातून रेंज किती मिळेल?

विक्रेत्याचा आवडता आकडा म्हणजे किलोमीटर. ‘पाच किलोमीटर’, ‘दहा किलोमीटर’ असे तो सहज सांगतो. हे आकडे खोटे नसतात, पण अर्धवट असतात. या संचांच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. दोन माणसे मोकळ्या, सपाट मैदानात उभी असतील आणि दोघांचे संच जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील, तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच गणिताने सुमारे १० किलोमीटरवर ही रेषा संपते. मध्ये घरे, झाडे, पत्र्याचे शेड आले की वस्तीत दोन-तीन किलोमीटरवर समाधान मानावे लागते. संचाची शक्ती चारऐवजी पाच वॉट असल्याने यात फारसा फरक पडत नाही. उंचीने पडतो.

उंचीचे उदाहरण अचलपूरकरांना रोज उत्तरेला दिसते. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. वर कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज खाली अचलपूर-परतवाड्याच्या मैदानात साध्या हँडसेटवरही ऐकू येऊ शकतो. तोच माणूस कड्यापासून मागे वळून मेळघाटातल्या एखाद्या दरीत उतरला, की एका किलोमीटरवरच्या सहकाऱ्यालाही तो ऐकू येईलच असे नाही. मध्ये डोंगर आहे आणि डोंगरापुढे वॉट चालत नाहीत.

म्हणून मोठ्या यंत्रणा उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. रिपीटर म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी, चोवीस तास वीज, विजेपासून संरक्षण, जागेची परवानगी आणि उंच अँटेनासाठी दूरसंचार विभागाच्या ‘सॅक्फा’ समितीची मंजुरी. डोंगर वन विभागाच्या हद्दीत असेल तर त्यांचीही परवानगी. जुना रिपीटर स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्यांचे बहुधा इथेच अडते.

संच व्हीएचएफ घ्यावा की यूएचएफ, हा प्रश्नही जागेवरूनच सुटतो. व्हीएचएफ म्हणजे साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ. झाडी आणि उघड्या डोंगराळ भागात तो बरा. यूएचएफ म्हणजे साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. इमारती, गल्ल्या, रुग्णालये, कारखाने यांत तो अधिक चांगला घुसतो. व्हीएचएफचा संच कोणत्याही सॉफ्टवेअरने यूएचएफ होत नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात, कधी कधी कंपनी आणि मॉडेलचे नावही तेच असते. फरक मागच्या लेबलावरच्या क्रमांकात दडलेला असतो. एकाच ढिगातून निवडलेले दहा संच घरी आणल्यावर सहा एकमेकांशी बोलतात आणि चार नाहीत, याचे सर्वांत साधे कारण हेच.

परवाना संचासोबत येतो का?

नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

१९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने नुसता संच जवळ बाळगण्यासाठीही परवाना लागतो. वापरला की नाही हा पुढचा प्रश्न. प्रक्षेपण करणारा संच विनापरवाना बाळगल्यास या कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने जुन्या कायद्यांची जागा घेत आहे, पण रेडिओ लहरींवर मालकी सरकारची आणि वापर परवानगीने, हे सूत्र त्यातही कायम आहे.

परवानगी देण्याचे काम केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, म्हणजेच डब्ल्यूपीसी करते. अर्ज ‘सरल संचार’ या पोर्टलवर ऑनलाइन होतो. संस्थेने किती संच, कोणत्या भागात, कशासाठी, हे सांगायचे. डब्ल्यूपीसी फ्रिक्वेन्सी ठरवून देते. त्यासाठी दरवर्षी शुल्क भरायचे. फ्रिक्वेन्सी आपण निवडत नाही, ती मिळते. म्हणूनच आधी संच आणि मग अर्ज ही उलटी गंगा ठरते. यूएचएफचे दहा संच घेऊन बसलेल्या संस्थेला व्हीएचएफची फ्रिक्वेन्सी मिळाली, तर ते दहाही संच निरुपयोगी.

विकणाऱ्याचा परवाना विकत घेणाऱ्याला लागू होत नाही. ‘आधीच्या कंपनीकडे लायसन्स होते, सगळे कायदेशीर आहे’ हे वाक्य या बाजारात वारंवार ऐकायला मिळते. ते खरे असले तरी घेणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. आधीच्या मालकाचा परवाना त्याच्या नावाने, त्याच्या भागासाठी आणि त्याच्या कामासाठी होता. वायरलेस साधनांचा व्यापार करणाऱ्यालाही संच बाळगण्यासाठी स्वतंत्र डीलर परवाना लागतो. तो दाखवा म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा कसा होतो, यावरून पुढचा बराच अंदाज येतो.

आणखी एक धोका जुन्या संचाच्या पोटात असतो. आधीच्या मालकाच्या फ्रिक्वेन्सी त्यात तशाच भरलेल्या असतात. त्या एखाद्या विमानतळाच्या, वीज केंद्राच्या किंवा पोलिसांच्या असू शकतात. यात्रेतल्या स्वयंसेवकाने ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबले आणि तो आवाज भलत्याच नियंत्रण कक्षात उमटला, तर ‘आम्ही सेवाच करत होतो’ हा खुलासा पुरत नाही. संवेदनशील बंदोबस्ताच्या काळात तर अजिबात नाही.

परवान्याशिवाय काहीच वापरता येत नाही का?

एक खिडकी उघडी आहे. केंद्र सरकारने २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. शोरूम, हॉटेल, गिर्यारोहक, लहान कार्यक्रम यांच्यासाठी तो पुरेसा आहे. बहिरमच्या यात्रेतल्या वाहनतळाला किंवा एखाद्या मिरवणुकीला हे संच पुरतात. घाटाला पुरत नाहीत.

सवलतीचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. ती त्या पट्ट्यासाठी बनवलेल्या आणि ईटीए नावाची उपकरण-मंजुरी असलेल्या कमी शक्तीच्या संचाला आहे. पाच वॉटचा जुना व्यावसायिक संच ४४६ वर प्रोग्रॅम करून घेतला की तो परवानामुक्त होत नाही. दुकानदार ते दहा मिनिटांत करून देतो, हे खरे. बेकायदा असते तेही नेमके हेच.

याच गोंधळामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री मंचांना १३ नोटिसा पाठवल्या. फ्रिक्वेन्सी काय, परवाना लागतो का, ईटीए आहे का, यातले काहीच न सांगता वॉकीटॉकी विकले जात असल्याचा आक्षेप होता. त्यानंतर अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही आली. ऑनलाइन जाहिरातीत फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि ईटीए लिहिलेला नसेल तर पुढे वाचण्याची गरज नाही, इतका सोपा निकष त्यातून हाती लागला आहे.

हौशी रेडिओ म्हणजे ‘हॅम’ हा दुसरा मार्ग आहे, पण तो व्यक्तीचा आहे, संस्थेचा नाही. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला माणूस ठरावीक पट्ट्यांत बोलू शकतो आणि आपत्तीत मोलाची मदत करतो. रोजच्या बंदोबस्तासाठी किंवा सुरक्षा एजन्सीच्या धंद्यासाठी तो परवाना वापरता येत नाही. पथकात दोन-चार जणांनी ही परीक्षा दिली तर वायरलेसवर बोलण्याची शिस्त आपोआप येते, हा त्याचा वेगळा फायदा.

हे संच येतात कुठून?

काही चांगल्या घरचे असतात. मोठी कंपनी, बंदर, हॉटेल, रस्त्याचे कंत्राटदार ॲनालॉगवरून डिजिटलवर जातात तेव्हा जुना ताफा एकदम बाहेर पडतो. सरकारी खात्यांचे निर्लेखित साहित्य हर्रासीला निघते. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात असे गठ्ठे दिसतात. मात्र तिथे ते बहुधा भंगार म्हणून विकले जाते, चालू यंत्र म्हणून नाही, आणि लिलावाची पावती म्हणजे वायरलेसचा परवाना नव्हे.

काही परदेशातून आलेले असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्ट्यांतल्या व्यावसायिक व सार्वजनिक सुरक्षा संचांना २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर जाणे सक्तीचे झाले. ज्या जुन्या संचांना ते जमत नव्हते, ते तिथल्या पोलीस आणि अग्निशमन दलांना काढून टाकावे लागले. असे संच दिसायला दणकट, नाव मोठे, किंमत नगण्य. पण परवान्यात १२.५ किलोहर्ट्झचा चॅनेल मिळाला, तर ते इथेही तितकेच बाद. शिवाय परदेशातून वायरलेस संच आणायला वेगळी मंजुरी लागते. ती नसलेला माल कुणाच्या तरी सामानातून आलेला असतो.

आणि काही चोरीचे असतात. डिजिटल संच हरवला तर मालक संस्था दुरूनच निरोप पाठवून तो बंद पाडू शकते. असा ‘मारलेला’ संच सुरू होतो, दिवा लागतो, पण बोलत नाही. विकणारा म्हणतो, ‘फक्त प्रोग्रॅमिंग बाकी आहे.’

हातात घेतल्यावर काय पाहायचे?

कागद पटले, पट्टा जुळला, तर मग यंत्राकडे वळावे. आधी मागचे लेबल. ते खरवडलेले, नव्याने चिकटवलेले किंवा गायब असेल तर संच परत ठेवावा. अनुक्रमांक सॉफ्टवेअरमध्ये वाचता येतो. तो लेबलाशी जुळला पाहिजे.

अँटेना लावल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये. शक्ती बाहेर जायला वाट नसली की ती आतल्या भागांवर परतते, आणि चालू संच तपासणीतच जातो. अँटेनाही त्याच पट्ट्याची हवी. जुन्या बाजारात व्हीएचएफ संचावर यूएचएफची आखूड अँटेना बसवलेली सर्रास दिसते. अशा संचावर समोरासमोर बोलणे छान होते आणि अर्ध्या किलोमीटरवर आवाज संपतो. दुकानात घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी असते. दोन संच टेबलावर ठेवून ‘हॅलो, हॅलो’ केले तर बिघडलेलेही बोलतात.

खरी तपासणी वॉटमीटर आणि सर्व्हिस मॉनिटरवर होते. ती सोय परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे असते. तिथे दोन गोष्टी पाहून घ्याव्यात : पूर्ण शक्ती निघते का आणि फ्रिक्वेन्सी जागेवर आहे का. संचातला क्रिस्टल वयानुसार सरकतो. अनेक संचांची मर्यादा दशलक्षात अडीच भाग अशी असते, म्हणजे १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ३७५ हर्ट्झ. त्याहून बराच सरकला की अरुंद चॅनेलवर आवाज फाटका येतो. माणूस म्हणतो रेंज नाही, खरे तर संच बाजूला उभा राहून बोलत असतो.

बाकीचे हातालाच कळते. आवाजाची कळ फिरवताना खरखर, बटणाचे फाटलेले रबर, हेडसेटच्या खोबणीवरचे हरवलेले झाकण, स्क्रूभोवती हिरवट गंज. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात दिवसभर फिरणाऱ्या संचासाठी रबरी सील ही शोभेची वस्तू नाही. एकदा उघडून पुन्हा बसवलेल्या संचावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी ते कारखान्यातून निघाला तेव्हाचे.

अग्निशमनासाठी घेणाऱ्याला आणखी एक अडचण आहे. गॅसगळती, पेट्रोलच्या वाफा अशा ठिकाणी ठिणगी न उडणारे, खास प्रमाणित संच आणि त्यांच्याच प्रमाणित बॅटऱ्या लागतात. असा संच अनधिकृत ठिकाणी उघडला किंवा त्याला साधी बॅटरी लावली, की ते प्रमाणपत्र उरत नाही. वापरलेल्या संचाच्या बाबतीत तो कधी कुणी उघडला, हे सांगणार कोण? उलटलेल्या गॅस टँकरशेजारी जाणाऱ्या जवानासाठी जुना संच घेऊ नये, इतके स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

बॅटरीचे काय?

जुन्या संचात सर्वांत आधी मरते ती बॅटरी, आणि तीच विक्रीच्या वेळी सर्वांत ताजी दिसते, कारण ती नुकतीच चार्ज केलेली असते. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी वयाने झिजते. बाजूला छापलेली निर्मितीची तारीख पाहावी आणि तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर किंमत शून्य धरावी.

माहितीपत्रकात ‘दहा तास’ लिहिलेले असते त्यामागे एक ठरलेले गृहीतक आहे : ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के नुसते सुरू असणे. यात्रेच्या मुख्य दिवशी किंवा पुराच्या रात्री हे प्रमाण पार बदलते, आणि बोलण्याला सर्वाधिक वीज लागते. त्यामुळे चाचणी कामासारखीच हवी. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवावा, सकाळी किती उतरला ते पाहावे, मग एक पूर्ण पाळी खरोखर वापरावा. दुपारी तीनला माना टाकणारे संच वेगळे काढावेत.

नव्या बॅटरीचाही धोका आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हातातल्या रेडिओ संचांचे एकाच वेळी स्फोट घडवण्यात आले. आदल्या दिवशी पेजर फुटले होते. फुटलेल्या संचांवर आयकॉम या जपानी कंपनीच्या आयसी-व्ही८२ या मॉडेलचे नाव होते. कंपनीने सांगितले, की हे मॉडेल ऑक्टोबर २०१४ मध्येच बंद झाले, त्याच्या बॅटऱ्याही बनवणे थांबले, आणि छायाचित्रांतल्या संचांवर अस्सलपणाची होलोग्राम मोहोर नव्हती. तो घातपात होता, परतवाड्यातल्या खरेदीशी त्याचा संबंध नाही. पण बाजाराबद्दल त्यातून जे दिसले ते इथेही खरे आहे : नकली माल सर्वाधिक निघतो तो बंद झालेल्या लोकप्रिय मॉडेलांचा, कारण अस्सल कसा असतो हे विचारायला कारखानाच उरलेला नसतो. साध्या नकली बॅटरीत स्फोटके नसतात, पण जादा चार्ज रोखणारे सर्किटही बऱ्याचदा नसते. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या वीस बॅटऱ्या ज्या खोलीत असतील, तिथे कुणी झोपू नये.

प्रोग्रॅमिंग कोण करणार?

व्यावसायिक संचात फ्रिक्वेन्सी बटणांनी बदलत नाही, संगणकातून भरावी लागते. त्यासाठी त्या कंपनीचे सॉफ्टवेअर, त्या मॉडेलची केबल आणि काही जुन्या संचांसाठी तितकाच जुना संगणक लागतो. आधीच्या मालकाने पासवर्ड टाकलेला असेल तर तेही होत नाही. खरेदीपूर्वीच आपल्या परवान्यातली फ्रिक्वेन्सी भरून, जुन्या सगळ्या पुसून, मगच पैसे द्यावेत. ‘नंतर या, करून देऊ’ म्हणणाऱ्याकडे नंतर जावे लागतेच.

दोन कंपन्यांचे संच एकत्र चालतील का? साधे ॲनालॉग असतील तर पट्टा, चॅनेलची रुंदी आणि टोन जुळल्यावर चालतात. डिजिटलमध्ये डीएमआर, टेट्रा, पी-२५ या वेगवेगळ्या भाषा आहेत आणि एकीला दुसरी कळत नाही. ‘डिजिटल आहे’ एवढ्यावर घेतलेला संच म्हणून शोभेचा ठरू शकतो. टोनबद्दलही एक गैरसमज आहे. माहितीपत्रकात त्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हटलेले असते, पण त्यामुळे आपल्याला इतरांचे बोलणे ऐकू येत नाही एवढेच. इतरांना आपले ऐकू येते. जखमीचे नाव, हरवलेल्या मुलीचे वर्णन आणि ती कुठे बसवली आहे, हे उघड चॅनेलवर बोलताना हे ध्यानात हवे.

मग जुना संच घ्यावा कुणी?

ज्या संस्थेकडे परवाना आधीच आहे, ताफ्यात तेच मॉडेल आहे आणि दोन-चार संच वाढवायचे किंवा सुट्या भागांसाठी हवेत, तिच्यासाठी हा उत्तम सौदा आहे. पंधरा वर्षांपूर्वीचे चांगले ॲनालॉग संच आजच्या स्वस्त चिनी संचांपेक्षा गर्दीच्या ठिकाणी स्वच्छ ऐकतात, कारण शेजारच्या चॅनेलचा गोंगाट अडवण्याची त्यांची क्षमता अधिक असते. इथे जुने खरोखर सोने आहे.

परवाना नसलेल्या मंडळाने किंवा यात्रा समितीने मात्र मंजूर, परवानामुक्त नवे संच घ्यावेत आणि त्यांच्या मर्यादेत काम आखावे. घाटातले काम असेल तर स्वतःचे जाळे उभे करण्याऐवजी पोलीस किंवा वन विभागाच्या वायरलेसवाल्या कर्मचाऱ्याशेजारी आपला एक माणूस कायम उभा करावा. त्याच्या हातात आपला छोटा संच, शेजारी त्यांचा मोठा. खर्च शून्य, आणि बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

नगर परिषदेसारख्या संस्थेचा प्रश्न वेगळा. तिथे वापरलेल्या वस्तूची खरेदी लेखापरीक्षणात टिकवणे अवघड असते, हमी नसते आणि देखभालीचा करार करायला कुणी तयार होत नाही. अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने वाचवलेले पैसे पुढे त्याच्याच फाइलवर शेरा होऊन बसतात.

हिशोब मांडताना संचाची किंमत ही पहिली ओळ असते, शेवटची नव्हे. तिच्याखाली नवी बॅटरी, चार्जर, अँटेना, प्रोग्रॅमिंग, तपासणी, दर दहा संचांमागे दोन राखीव आणि दरवर्षीचे परवाना शुल्क येते. ही बेरीज नव्या संचाच्या पाऊणपट झाली, तर जुना घेण्यात अर्थ उरत नाही. नव्याला निदान हमी असते.

व्यवहार ठरलाच तर बिलावर प्रत्येक संचाचा मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि विक्रेत्याच्या डीलर परवान्याचा क्रमांक लिहून घ्यावा. संच मिळाल्यावर कामाच्या जागी, म्हणजे घाटाच्या वळणांवर, नदीकाठी, यात्रेच्या मैदानात, दोन माणसांनी एक फेरी मारावी आणि आवाज जिथे तुटतो त्या जागा कागदावर मांडाव्यात. ही फेरी शक्यतो पावसाळ्यात मारावी. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या जंगलात जो आवाज सहज पोहोचतो, तो ऑगस्टमधल्या ओल्या, गच्च झाडीत पोहोचतोच असे नाही.